मी उलटा धरलेला दगड

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. पप्पांजवळ नाही, आमच्या गटातल्या कुणाजवळ नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. लिहायला बसले की हात दुसरीकडेच वळतो — बुवांवर लिहिते, जातीवर, बाईच्या हक्कांवर. ते सोपं असतं. त्यात गुन्हेगार कुणीतरी दुसरा असतो ना.

आता मात्र दमलेय. दुसऱ्यांवर चिडून चिडून माणूस किती दमतं, ते तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचं समजेल.

मी पुस्तिकांवर वाढलेली मुलगी. भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरात पलंगाखाली पुस्तिकांचे गठ्ठे असायचे. पप्पा परभणीहून इकडे आले तेव्हा कपड्यांपेक्षा पुस्तिकांची पिशवी जड होती, असं आई सांगायची. भूत का नसतं, हे मी बाराखडीनंतर लगेच शिकले. पुढे स्वतः लिहायला लागले, केबिन रोडवर उभी राहून वाटायलाही लागले. एका दुकानदाराने पुस्तिका उलटसुलट करून विचारलं होतं, "मॅडम, इसमें ऑफर क्या है?" मला इतका राग आला होता! आता हसू येतं. थोडंसं.

आमच्या गटाची कामाची एक रीत आहे. बुवा जो चमत्कार करतो तो आधी आपण करून दाखवायचा. हातातून राख काढायची, नारळातून लाल पाणी काढायचं. लोक थक्क झाले की तिथल्या तिथे, तो कसा केला ते उघड करायचं. हा दुसरा भाग कधीही टाळायचा नाही. पहिलाच भाग करून थांबलात तर तुमच्यात आणि बुवात फरक काय उरला?

हे शेवटचं वाक्य माझंच आहे. छापलेलं आहे.

तर — मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये एक बाई रून शिकवायच्या. रून म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लोकांची अक्षरं, छोट्या गुळगुळीत दगडांवर कोरलेली. ख्रिस्ती धर्म येण्याआधी ती माणसं झाडांना, ऋतूंना, पूर्वजांना मानायची. तो पेगन मार्ग आपण पुन्हा धरायचा, असं त्या बाईंचं म्हणणं. मेलेल्या माणसाचं नाव मनात घ्यायचं, पिशवीत हात घालून तीन दगड काढायचे. पहिला झालेल्या गोष्टीचा, दुसरा आत्ताचा, तिसरा पुढच्या वाटेचा. "स्पिरिट बोलता नहीं, इशारा देता है," त्या म्हणायच्या. "मतलब आपको निकालना है." मी पोल खोलायला म्हणून त्या वर्गाला गेले आणि मन लावून शिकले. दगडांची पिशवीही घेतली. जयंतीच्या कार्यक्रमात हे करून दाखवायचं आणि मग उघडं पाडायचं, असं ठरलं होतं.

त्याआधीच सचिनदादा गेला.

सचिनदादा माझा मावसभाऊ. काशीमीऱ्याच्या एका गोदामात कामाला होता. नाक्यावर रस्ता ओलांडताना ट्रकने उडवलं. मावशीचं दार आमच्या दारासमोरच. आई गेल्यापासून माझ्या केसांना तेल लावणारी तीच. आता त्या घरात मावशी आणि दादाची बायको ज्योतीवहिनी, अशा दोघीच राहिल्या. कार्यक्रमातला माझा प्रयोग रद्द झाला.

आम्ही बौद्ध. भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, माणसं जेवून गेली. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, श्राद्ध नाही. दीक्षा घेतानाच ते सोडलेलं, आणि सोडलं ते बरंच झालं, हे मी आजही म्हणेन. पण मावशीला लेकाशी बोलायचं होतं. कुठे बोलायचं?

एके दिवशी तिने माझ्या कपाटात ते दगड पाहिले. कशाचे म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"हे भटाचं हाय का गं?"

"नाही. युरोपातलं आहे."

"मग काय हरकत हाय?"

खरंच, काय हरकत होती? दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये या दगडांचं नाव नव्हतं. अंगारे, गंडे, नवस या सगळ्याला दारातून हाकलणारी माझी मावशी या परक्या दगडांसमोर मांडी घालून बसली, आणि मी बसवली. दादाला त्रास झाला नाही, तो शांत आहे, असं मी दगड वाचून सांगितलं. ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. आता सांगू, उद्या सांगू, जरा सावरू दे मग सांगू... दुसरा भाग राहूनच गेला. पुढे तर दर रविवारी बसणं सुरू झालं. आणि खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. पुस्तिका वाचून माझ्याकडे कुणी तसं कधी पाहिलं नव्हतं.

इथवर थांबले असते तर तुम्ही मला माफ केलं असतं. म्हणूनच इथे थांबत नाही.

दोनेक वर्षं गेली. वहिनी मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. तिच्यासोबत काम करणारा विकास नावाचा एक साधा, हसरा माणूस. त्याने तिला लग्नाचं विचारलं. त्याची बदली नाशिकला होत होती. वहिनीने हे सगळ्यात आधी मला सांगितलं. "तुझंच लिहिलेलं वाचून धीर आला गं, प्रज्ञा," म्हणाली. मी तिला मिठी मारली. ती मिठी खरी होती का? मला वाटतं, होती.

पण त्याच आठवड्यात मला पुण्याच्या एका मासिकाने कामाला बोलावलं होतं. साखरेने मावशीची नजर चालली होती. वहिनी नाशिकला गेली तर मावशीचं कोण करणार? पप्पांना स्वतःचं होईना. राहिले मी.

हे मी मोठ्याने कधीच म्हटलं नाही. मनातसुद्धा धड वाक्य करून म्हटलं नाही.

मावशीचा लग्नाला विरोध नव्हता, हेही तुम्हाला कळायला हवं. ती इतकंच म्हणाली, "सचिनला इचारू. त्यो हो म्हणला तर माझी ना न्हाई." म्हणजे किल्ली माझ्या हातात आली.

रविवारी दुपारी आम्ही तिघी बसलो. वहिनीचा यावर विश्वास नव्हता. मावशीच्या समाधानासाठी बसली होती. "विचार, विचार," मला म्हणाली. "जिवंत असताना एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही त्यांनी." मावशीही हसली. "बापावर गेलता," म्हणाली.

मी तीन दगड काढले. तिसरा प्रवासाचा निघाला. त्यावरची खूण इंग्रजी आर अक्षरासारखी असते. सरळ पडला तर निघ, वाट चांगली आहे; उलटा पडला तर जाऊ नकोस. तो सरळ पडला होता. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या बाईनेही 'जा' असंच वाचलं असतं.

मी तो उचलला. मावशीला दिसावा म्हणून तिच्या डोळ्यांजवळ नेला — आणि नेता नेता बोटांत फिरवला.

"उलटा आलाय," मी म्हटलं. "दादा म्हणतोय, आईला सोडून जाऊ नकोस."

दगडाला काही कळत नाही, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत होतं? मग तो फिरवायची तरी काय गरज होती? नुसतं खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण नाही. मला खोट्यालाही पुरावा लागतो. पप्पांनी लावलेली सवय.

वहिनीचं हसू गेलं होतं. मग हळू म्हणाली, "बुवाने सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते. पण तू... तू तर असलं काही मानतच नाहीस, प्रज्ञा. तू सांगतेस म्हणजे..."

कळतंय ना तुम्हाला? बुवाला जे जमलं नसतं ते मला जमलं, कारण मी बुवांच्या विरोधात होते. पप्पांची ती जड पिशवी, केबिन रोडवरची उन्हं, माझी सगळी वाक्यं मी त्या एका खोट्याच्या मागे उभी केली.

त्या क्षणी दुसरा भाग करता आला असता. पाहणाऱ्या दोघीच होत्या. मी पाणी प्यायला उठले.

विकास नाशिकला गेला. पुढे त्याचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मी पुण्याला गेले. तिथे गेल्यावर पहिली पुस्तिका लिहिली ती विधवांच्या दुसऱ्या लग्नावर. चांगली झाली आहे ती. लोक अजून मागून नेतात.

मागच्या वेळी घरी गेले तेव्हा मावशीला जवळपास दिसेनासं झालेलं होतं. वहिनी सकाळी तिला इंजेक्शन देऊन लॅबला जाते, आल्यावर पुन्हा देते, मध्ये दोनदा फोन करते. संध्याकाळी ती भाजी निवडत होती, मी शेजारी बसले होते. मान वर न करता म्हणाली, "एकदा परत विचार ना त्यांना. लग्नाचं नाही गं, ते गेलं आता. नुसतं एवढंच, राग गेला का त्यांचा?"

मला कळलंच नाही आधी. कसला राग? मग कळलं. मी दादाच्या तोंडी नकार घातला होता; तिने त्यात राग ऐकला होता. विकासला मनात जागा दिली म्हणून मेलेला नवरा आपल्यावर रागावलाय, हे घेऊन ती इतकी वर्षं त्या घरात वावरत होती.

आणि मी काय केलं? म्हटलं, "इतक्या वर्षांनी ते बोलत नाहीत, वहिनी." असा काही नियम त्या वर्गात कुणी शिकवला नव्हता. जागच्या जागी बनवला.

ती "बरं" म्हणाली. भाजी उचलून आत गेली.

मी तेव्हा लहान नव्हते. अजाण नव्हते. कुणी बळजबरी केली नव्हती.

दादा रागावला नव्हता. दादा हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. तो काहीच म्हणाला नव्हता. जे काही बोलले ते मी बोलले, आणि मला पुण्याला जायचं होतं म्हणून बोलले.

वहिनी माझं छापून आलेलं सगळं वाचते. हेही वाचेल.