जुन्या गावाचं पान

"लोकल पीपल वुड हॅव अडॅप्टेड." मुलीच्या इतिहासाच्या निबंधातलं हे वाक्य वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

मुलगी अकरावीत. शाळेने गृहपाठ दिला होता की इतिहासातली एक गोष्ट बदला आणि पुढचं जग कसं झालं असतं ते लिहा. हिने काय बदलावं? पोर्तुगाल आणि स्पेनमधली राज्यं एका लग्नामुळे खऱ्या इतिहासापेक्षा शंभर वर्षं आधीच एक झाली. आपसातली भांडणं संपली, आरमार एक झालं. मग ही मंडळी हिंदुस्थानात लवकर पोचली, भरपूर जहाजं घेऊन पोचली आणि गोव्यावर न थांबता सगळा पश्चिम किनारा त्यांनी अगदी शिस्तीत गिळला. सोबत नकाशाही रंगवलेला. आमचं अख्खं कोकण पिवळं! कच्च्या मसुद्यावर शिक्षकांचा शेरा होता, मांडणी उत्तम, फक्त स्थानिक लोकांबद्दल एखादं वाक्य घाल. म्हणून तिने एक वाक्य घातलं होतं.

रविवारची दुपार होती. ओटावातल्या आमच्या घरात त्या दिवशी कुळधर्म होता आणि मी नैवेद्याची खीर, हरभऱ्याच्या डाळीचं मणगणं, ढवळत होते.

"लोकल पीपल म्हणजे कोण गं?" मी डाव हातात तसाच धरून विचारलं.

"आई, इट्स जस्ट अ व्हॉट-इफ."

"खड्ड्यात गेला तुझा व्हॉट-इफ! लोकल पीपल म्हणजे आपण. माझ्या बाबांचं घराणं. पोर्तुगीज देऊळ पाडणार म्हटल्यावर देव होडीत घालून नदीपलीकडे पळवला त्यांनी. घर, शेत, विहीर, सगळं तिथंच टाकून. अडॅप्टेड म्हणे!"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "यू नेव्हर टोल्ड मी."

"दर वर्षी कुळधर्म करते मी, तो कशाचा?"

"यू जस्ट से, डोन्ट टच द फूड."

मला तिचा राग आला, त्या शिक्षकांचा आला, त्या पिवळ्या रंगाचासुद्धा आला. तिने मात्र शांतपणे लॅपटॉप पुढे ओढला. "ओके. व्हॉट वॉज द व्हिलेज कॉल्ड? आय विल पुट इट इन."

मी नाव सांगायला गेले आणि ते मला आठवेचना.

आमचा देव मोठा नाही. दुसऱ्याच्या देवळाच्या आवारात एका कोनाड्यात आश्रयाला आलेला आहे, त्याची माहिती कुठल्या वेबसाइटवर मिळत नाही. पुण्याच्या घरी बाबा कुळधर्माला दोन पानं वाढायला लावत. एक देव आता जिथे आहे तिथलं आणि दुसरं सोडून आलेल्या गावाचं. दुसऱ्या पानाभोवती पाणी फिरवताना ते त्या गावाचं नाव मोठ्याने घेत. मग ते पान गायीला जाई. मी तिथेच उभी असायची, आणि माझं सगळं लक्ष मणगण्यातल्या काजूंवर.

कॅनडात आल्यावर पहिली काही वर्षं आम्ही बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. गाय नव्हती. केळीची पानं ग्रोसरीच्या फ्रीजरमधून आणायची, तीही फाटकी. दोन पानं कशाला, म्हणून मी एकच वाढू लागले. पुढे पानाचं स्टीलचं ताट झालं. माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. सोयीचं होतं, म्हणून केलं.

बाबा आता नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून आत्याला पुण्याला फोन लावला. बाबांच्या पिढीतली ती एकटीच उरली आहे.

"अगं, ते नाव दादाच घ्यायचा," आत्या म्हणाली. "आम्ही बायका आत वाढपात. आम्हाला कोण सांगतंय?"

"पण कधीतरी कानावर पडलं असेल ना, आत्या!"

"तू तर बाहेर त्याच्याजवळच उभी असायचीस. तुलाच आठवायला हवं."

मी फोन जवळजवळ आपटलाच. शेजारच्या बाईने मान वळवून पाहिलं. चिडायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ऑफिस येईपर्यंत मी स्वतःवरच चिडत बसले.

आठवड्याने निबंध पक्का झाला. पोर्तुगाल आणि स्पेन त्यात एकच होते, कोकण अजून पिवळंच होतं. पण ते वाक्य तिने काढलं होतं. त्या जागी लिहिलं होतं की माझ्या आईच्या माणसांनी आपला देव होडीत घालून नेला आणि त्यानंतर कितीतरी पिढ्या ते मागे राहिलेल्या गावाचं पान वाढत राहिले. खाली बारीक अक्षरांत टीप होती, गावाचं नाव माझ्या आईला माहीत नाही.

"ही टीप काढ," मी म्हटलं. "शिक्षक वाचतील."

"बट इट्स ट्रू, आई," ती म्हणाली, आणि तिने निबंध पाठवून दिला.