समोर येऊन बोला

राग सगळ्यांनाच येतो आणि जातो. माझ्या वहिनीकडे आला की तो बिऱ्हाड थाटतो.

वहिनी पडदे शिवते. आमची पुढची खोली म्हणजे तिचा कारखाना: खिडकीलगत मोटरचं शिलाई मशीन, भिंतीशी कापडाचे तागे, फरशीवर अस्तराच्या चिंध्या आणि पडद्याच्या कड्या. एकदा एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "तुमची दुमड वाकडी आलीये." वहिनीने पडदा तिच्यासमोर उसवला, पुन्हा शिवून दिला आणि त्या बाईचं काम परत म्हणून घेतलं नाही. ती बाई अजूनही जिन्यात भेटली की हसते. वहिनी पायऱ्या बघत खाली उतरते.

मी तिची नणंद, म्हणजे नात्याने विरुद्ध पक्षाची. शिवाय जिच्यावर तिने डूख धरला ती माझी सख्खी आई. तरी मी वहिनीच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

वहिनीच्या मुलीला, माझ्या भाचीला, आम्ही ठकू म्हणतो. दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून दोन-चार आवाजांपलीकडे काही निघत नव्हतं. ती मशीनच्या पायाशी बसून रिकाम्या रिळांचे मनोरे रचायची आणि झोप आली की त्या घरघरीतच आडवी व्हायची. येणारे-जाणारे कौतुक करायचे, "काय गुणी पोर आहे, कशाने उठत नाही." आईला मात्र ती गुणी वाटत नसे. आईने हाक मारली की ठकू बघायची नाही. मग आई म्हणायची, "हट्टी आहे कार्टी, आईवर गेलीये," आणि जवळ जाऊन तिचा कान पिळायची. पोर कळवळून रडायची. आपल्याला कशाबद्दल शिक्षा झाली हे तिला कधी कळलंच नसणार.

वहिनी म्हणायची, "हिला ऐकू येत नसेल, दाखवून आणू." आईचं उत्तर तयार असायचं. "बाप आला की दाराकडे कोण धावतं मग? स्कूटर बरी ऐकू येते. सोयीचं तेवढं ऐकते ती."

आणि ते खरंच होतं. रोज संध्याकाळी दादाची स्कूटर फाटकात वळली की ठकू हातातलं टाकून दाराकडे धावायची. दादा त्यावर खूश. "मीसुद्धा उशिराच बोललो होतो," म्हणायचा. असं करत वर्ष गेलं.

मग एका दुपारी वहिनीची कापड कापायची जड कात्री टेबलावरून फरशीवर पडली, ठकूच्या अगदी पाठीमागे. स्वयंपाकघरात माझ्या हातातला कप हिंदकळला. मी बाहेर येऊन बघते तर ठकू रिळावर रीळ ठेवत होती. वहिनीने कात्री उचलली आणि मुद्दाम पुन्हा टाकली. ठकूने आणखी एक रीळ ठेवलं.

वहिनीने कात्री टेबलावर ठेवली. बराच वेळ खिडकीकडे बघत बसली. संध्याकाळ झाली तसा तिने एका गिऱ्हाइकासाठी शिवलेला उजेड अडवणारा जाड पडदा आमच्याच खिडकीला लावला. स्कूटर आली, हॉर्न वाजला, जिन्यात दादाचे बूट वाजले. ठकू जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीने पडदा काढून ठेवला. स्कूटर वळली, तिच्या दिव्याचा पट्टा भिंतीवरून सरकला आणि ठकू दाराकडे धावली. तिसऱ्या दिवशी वहिनीने आईला समोर खुर्चीवर बसवून पुन्हा पडदा ओढला. हॉर्न वाजून गेला. ठकू रिळांत दंग.

"झोप आली असेल तिला," आई म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वहिनीने फक्त पडद्याची घडी घातली आणि सकाळी ठकूला घेऊन दवाखाना गाठला. मी सोबत होते. ठकूला झोपवून तिच्या कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवल्या. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतंय, असं निघालं. ऐकायचं यंत्र लावावं लागेल, बोलणं शिकवावं लागेल. तिथल्या बाई म्हणाल्या, "शंका आली तेव्हाच आणायचं होतं. या वयातलं एक वर्ष म्हणजे खूप असतं."

बाहेर आल्यावर वहिनी मला म्हणाली, "माझ्या पोरीचं वर्ष खाल्लं त्यांनी. मी सोडणार नाही."

त्या बाईंनी घरच्यांसाठी पथ्यं सांगितली होती. पाठीमागून हाका मारत बसू नका. समोर जा, खाली बसा, तिला तुमचं तोंड दिसू द्या, मग बोला. वहिनीने ती घरी सगळ्यांना सांगितली. आई म्हणाली, "या गुडघ्यांनी मी पोरीपुढे उठाबशा काढू? जमायचं नाही."

"बरं," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतून आईची हाक आली, "अगं, चहा झाला का?" वहिनी टाके घालत राहिली. आईने पुन्हा हाक मारली, मग आणखी चढ्या आवाजात. शेवटी भिंत धरत धरत बाहेर आली. "ऐकू येत नाही का तुला?"

वहिनीने मान वर केली. "आता येतंय. समोर आलात ना."

तेव्हापासून वहिनी आईसाठी ठार बहिरी झाली. चष्मा सापडत नसो, पंखा लावायचा असो, आईने उठून यायचं, वहिनीच्या समोर उभं राहायचं आणि तिच्या तोंडाकडे बघून बोलायचं. आई आदळआपट करायची, शेजाऱ्यांकडे गाऱ्हाणी सांगायची, एकदा तर जेवणावर रुसली. मला मनापासून आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू? दादा एकदा म्हणाला, "पुरे कर आता. आईचे गुडघे बघ."

"मी त्यांचा कान पिळलाय का?" वहिनीने विचारलं.

ठकूची यंत्रं आली. सुरुवातीला ती काढून चिंध्यांत फेकायची, वहिनी हुडकून परत घालायची. दर आठवड्याला बोलण्याचा वर्ग, घरी त्याचा सराव. आता आईही ठकूशी बोलायची तर समोर बसून. पण ती सवय वहिनीच्या धाकाने लागलेली, आणि वहिनी ते जाणून होती. तिचा राग तसूभर हलला नाही.

परवाची दुपार. वहिनी मशीन थांबवून दोरे कापत होती, ठकू आमच्याकडे तोंड करून खेळत होती. आतून आई म्हणाली, "अगं, पाणी दे गं जरा. उठवत नाही आज." वहिनी दोरे कापत राहिली.

ठकूने मान वळवली. आतल्या दाराकडे बघत राहिली. आई पुन्हा म्हणाली, "पाणी दे गं," आणि ठकू उठून आत चालायला लागली.

वहिनीच्या हातातून कात्री सुटली. ती ठकूच्या मागे धावली, मी तिच्या मागे. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ठकू पलंगाला धरून उभी होती आणि वर्गात शिकवतात तसं एक बोट कानाला लावून दाखवत होती, ऐकलं म्हणून.

पोरीने आयुष्यात पहिल्यांदा न बघता ऐकलेली हाक वहिनीची नव्हती. वहिनीचा चेहरा मला बघवेना. वहिनी मटकन खाली बसली आणि रडली, दवाखान्यातही रडली नव्हती तशी. मग डोळे पुसून तिने ठकूला उचललं, पुढच्या खोलीत नेऊन रिळांपाशी बसवलं, दारात येऊन उभी राहिली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपणहून आईशी बोलली.

"परत हाक मारा. तिच्या नावाने."

आईने हाक मारली. पुढच्या खोलीत ठकूने वळून बघितलं.

"परत," वहिनी म्हणाली.

आई आता स्वतःही रडत होती. रडत रडत हाका मारत होती, आवाज फाटत होता. घसा कोरडा पडल्यावर तिने खूण करून पाणी मागितलं.

"नंतर," वहिनी म्हणाली. "परत मारा."