कणगीतला ॲम्प

मी मुळात भित्री. वीज कडाडली की उशीखाली डोकं घालणारी. आणि माझ्यासारखीला वेड लागलं ते इलेक्ट्रिक गिटारचं, तेही आवाज फाटेपर्यंत वाजवायचं. ठाण्याला नोकरी करताना जमलेली मंडळी अजून गाणी करतात. त्यातला गिटारचा भाग मी गावी, साखरशेतच्या घरातच रेकॉर्ड करून पाठवते. तो खरखरीत, फाटका आवाज लॅपटॉपमधल्या नकली ॲम्पमधून काढलेला मला पटत नाही. खरा ॲम्प लागतो, गिटारचा आवाज मोठा करणारा तो जड खोका, आणि त्याचं बटण पूर्ण पिळल्याशिवाय आवाज फाटत नाही.

आमच्या पाड्यात घरं जवळजवळ. इकडे शिंकलं तर तिकडून विचारपूस होते. म्हणून मी एक युक्ती काढली. उन्हाळ्यात भात संपत आलं की आमची बांबूची कणगी रिकामी होते. शेणाने सारवलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. तिच्या तळाशी ॲम्प उतरवला, त्याच्या तोंडाशी माइक लटकवला आणि वरून गोधड्या टाकल्या. आवाज कोंडला खरा, पण जाड तारेचा घुमारा काही कोंडला नाही. तो जमिनीत उतरला आणि शेजारी गेला.

आमच्या भागात गेली काही वर्षं जमीन अधूनमधून हलते. हलायच्या आधी खालून घुमतं, लांब कुठे ट्रक घाट चढत असल्यासारखं. तेवढीच काय ती सूचना. घुमलं की हातातलं टाकून अंगणात पळायचं, हे पाड्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक.

त्यामुळे मी पहिल्यांदा जाड तार छेडली तेव्हा अख्खा पाडा बाहेर. शेजारची काकी भाकरी भाजता भाजता उठलेली, हातात कालथा, काखेत नातू, आणि ओरडतेय, "भुंय हालली! भुंय हालली!" मी गळ्यात गिटार घेऊन ओशाळवाणी दारात आले. मग जी हसाहस झाली! "ही होय तुझी धरतरी!" काकी म्हणाली. त्यानंतर येताजाता सगळे मला चिडवायचे, "आज धरतरी लय गुरगुरली गं तुझी." हळूहळू बाहेर येणंही थांबलं. कोणी भांडलं नाही, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

कुरकुर होती ती एकट्या आईची. तिचे गुडघे गेलेत, काठीशिवाय उठवत नाही. दिवसभर ती मागच्या स्वयंपाकघरात बसून असते, आणि मी वाजवायला लागले की तिथूनच सांगते, "फाटलाय गं तुझा आवाज. नीट वाजव."

त्या रविवारी दुपारी मी कणगीतल्या माइकचा आवाज ऐकायला हेडफोन लावून वाजवत होते. शेवटचा कॉर्ड मारला आणि तारांवर तळहात दाबून तो मिटवला. कानातला घुमारा मात्र थांबला नाही. वाटलं, ॲम्पच घुमतोय, अर्थिंगची नेहमीची कटकट असेल. भिंतीवरचा प्लग उपटला. ॲम्प मेला. घुमारा चालूच. लॅपटॉपवरची आवाजाची रेघ थरथरत होती. मग फळीवरचे पेले एकमेकांवर वाजले आणि कौलांतली माती माझ्या हातावर पडली.

हेडफोन फेकला आणि मागच्या स्वयंपाकघरात धावले. आत आई सुपात तांदूळ निवडत बसली होती, अगदी निवांत. तिला काखेत धरून ओढतच बाहेर आणलं. काठी आतच राहिली.

अंगणात कोणीही नव्हतं.

सगळ्या घरांची दारं उघडी, आणि सगळी माणसं आपापल्या कौलांखाली. मी किंचाळले. काकीने दारातून डोकं बाहेर काढलं. "लय झाक वाजवलंस आज!" म्हणाली, आणि परत आत गेली.

कुणाला काही झालं नाही. दोनचार कौलं सरकली, तेवढंच. संध्याकाळी मी घरोघर गेले. "ते मी नव्हते. खालून घुमलं की पळा. मी वाजवत असले तरी पळा." सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा दिला, गालातल्या गालात हसले. आईसुद्धा म्हणाली, "तूच वाजवत होतीस. मी काय बहिरी हाय का?" ॲम्प बासनात बांधून ठेवणं माझ्या हातात होतं. पण पुढच्या वेळी जमीन घुमेल तेव्हा सगळे म्हणणार, ती वाजवतेय. त्यांची भीती मी घालवली होती, आणि ती परत कशी आणायची ते मला कळेना. रात्रभर मी आईच्या अंगावर हात टाकून जागी राहिले.

सकाळी आठवलं, रेकॉर्डिंग तर चालूच होतं. लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला आणि आईसमोर लावला. माझा कॉर्ड आला. मग तो मिटला आणि घुमारा तसाच पुढे चालू राहिला. प्लग उपटल्याची खट्ट झाली, तरीही घुमारा होताच. आणि त्यात लांबून, घाबरल्यामुळे तेव्हा माझ्या कानात न शिरलेला, आईचा खूश आवाज: "हां, आता बरा वाजला. असाच वाजव."

आईचा सुपातला हात थांबला.

"ह्यो तू नाय?"

"नाही."

"परत लाव."

परत लावलं. तिने सूप बाजूला ठेवलं, मान वर करून कौलांकडे बघितलं आणि चाचपत काठी शोधली. त्या गुडघ्यांनी ती इतक्या घाईने चाललेली मी किती वर्षांत पाहिली नव्हती. मी लॅपटॉप उचलायला वाकले, तेवढ्यात अंगणातून तिची हाक आली.

"पोरी, ऱ्हाऊ दे ते. आधी भायेर ये."

मी बाहेर धावले. आई अंगणाच्या मधोमध काठीवर भार देऊन उभी होती. तिने काकीच्या दाराकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून, एक दिवस उशिरा, ती ओरडली, "भुंय हालली!"

काकी नातवाला काखेत मारून पळत बाहेर आली. हातात कालथा तसाच होता.