झुंबरबाईच्या कुपाटीतली कळलावी

झुंबरबाईच्या घरामागं कुपाटी आहे, काट्यांचं कुंपण. निवडुंग, सागरगोटा आणि मधे मधे वाळल्या बोराट्या. उन्हाळ्यात तिच्याकडं कुत्रं बघत नाही. पण श्रावण लागला की त्या काट्यांतून कळलावी वर येते. पानांची टोकं तारेसारखी वळलेली, जे सापडेल त्याला धरून चढते, आणि मग फुलते. खाली पिवळी, वर लाल. चुलीत फुंकर घातल्यावर जाळ जसा उठतो तशी. पारोळ्याहून गावात येणारी कापडवाल्याची फटफटीसुद्धा तिथं थांबून बघून जाते.

फूल चांगलं, पण गल्लीत कुणी तोडत नाही. दारात कळलावी असली की घरात भांडणं लागतात, असं सगळ्या खान्देशात म्हणतात. झुंबरबाईच्या घरात भांडणं झालीही होती. तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ, वेगळा निघाला, चूल फुटली, वावराच्या बांधावरून काठ्या निघाल्या. लोकांनी त्या येलीकडं, वेलीकडं, बोट केलं. तेव्हा झुंबरबाईची सासू, जिजी, कुपाटीजवळ उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती, "दोन्ही भाऊसले वावर पाहिजे. येलनी काय वावर मांगं का?"

येल जिजीनंच लावलेली. सातपुड्याकडून कंद आणला होता, नांगरासारखा दोन फाट्यांचा. जिजी काही सुईण नव्हती, पण बाळंतीण अडली की गल्लीतून बोलावणं यायचं ते जिजीला नाही, तिच्या कंदाला. कंद केसांना बांधायचा. पोर बाहेर आलं, की ते रडायच्या आत सोडायचा. जरा उशीर झाला, तर आतलं बठ्ठं, सगळंच, ओढून बाहेर आणतो म्हणत.

झुंबरबाईचा ज्ञानेश्वर झाला तेव्हा जिजी तिच्या डोक्याशी बसली होती, हात सारखा गाठीवर. झुंबरबाईला कळांपेक्षा तो हात जास्त आठवतो. कारण त्याच्या आदल्या वर्षी जेठाणीच्या वेळेला जिजी पाणी आणायला उठली आणि गाठ राहून गेली. जेठाणी रक्तात गेली. त्यानंतर जिजीनं कंद घराबाहेर कुणाला दिला नाही, पण येलही काढली नाही. मरायच्या आधी झुंबरबाईला बजावून गेली, "घरनी बाई दोन जीवनी व्हई तवय येलले धक्का लावानं नही. पोऱ्यानी नाळ तठेच गुतेल ऱ्हास."

झुंबरबाईनं हे ऐकलं आणि पदराला गाठ मारल्यासारखं ठेवून दिलं. तिचा नवरा जीवराम म्हणायचा, "सासू गयी, पन तुना कान तिना हातमाच ऱ्हायना."

ज्ञानेश्वर धुळ्यात फर्निचरच्या दुकानात कामाला लागला. बायको केली तीही धुळ्याचीच, हेमलता. चांगली पोरगी, बोलायला स्वच्छ, सासूला "आई" म्हणणारी. लग्नानंतर पहिल्या श्रावणात आली तेव्हा कळलावी फुललेली. हेमलतानं तिच्यापुढं उभं राहून फोटो काढले, धुळ्याला पाठवले. तिकडून तिची आई ललिताबाईचा फोन आला तो किंचाळतच. "अगं, कळलावी आहे ती! कुणाच्या दारात लावतात का?" त्याच वर्षी हेमलताला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं. ललिताबाईनं तो फोटो जपून ठेवला होता. येईल त्याला दाखवायची.

आता हेमलताला पुन्हा दिवस होते. सातवा लागल्यावर ती धुळ्यातच देवपूरला आईकडं गेली. तिथून तिनं फोन केला. आवाज चढा नव्हता, त्यानंच झुंबरबाई जास्त घाबरली.

"आई, एकच मागते. ती वेल मुळापासून काढा. नाहीतर बाळाला घेऊन मी त्या घरात पाय ठेवणार नाही."

"काढसू ना बेटा. पन तू मोकळी व्हई जाय, मंग काढसू."

"मंग नाही. आत्ता. आईला कुणीतरी सांगितलंय, बाळंत व्हायच्या आधी काढली पाहिजे."

झुंबरबाई फोन हातात धरून बसून राहिली. मोकळं होण्याआधी काढली पाहिजे, हे धुळ्याचं. मोकळं होण्याआधी धक्का लावायचा नाही, हे जिजीचं. नातवंडाचा जीव दोन्हीकडं सारखाच टांगलेला, आणि कुदळ तिच्या हातात.

ज्ञानेश्वर रविवारी आला. त्यानं मोबाइल काढून वाचून दाखवलं. कंद विषारी, पान विषारी, बी विषारी.

"माय, बठ्ठी इख शे ती."

"इख शे हाई माले माहीत शे. आपली बकरी कसानी मरनी? पाय दुमडी पडनी ती मीच दखेल शे."

"मंग काढी टाक ना!"

"तूच काढ मंग. कुदय तठे शे."

ज्ञानेश्वरनं कुदळीकडं बघितलं, कुपाटीकडं बघितलं. बाप होणार होता, त्याचाही जीव लहानच. म्हणाला, "माले पाचनी गाडी धरनी शे," आणि गेला.

झुंबरबाईनं जीवरामला विचारलं. तो पारावर पत्त्यांचा डाव सोडून आला होता, तोंडात तंबाखू. म्हणाला, "साप दाखाड, आत्ते ठोकस. तिले हात लावानं मनं काम नही. तुम्हनी सासू-सुनासनी भानगड शे ती. तू, तुनी सासू, तुनी वहू. मी कोन?"

"तुम्ही आजला व्हनार शेतस."

"ते बसूबसू व्हई जासू," म्हणाला, आणि पारावर परत गेला.

शेवटी झुंबरबाईनं आपल्या मनानं मधली वाट काढली. जिजी कंद खणायची तेव्हा आदल्या सांजेला येलीला आवतण द्यायची. हळदकुंकू, तांदूळ, सुपारी. सकाळी उठून तोंडातून शब्द न काढता, लोखंड न लावता, बाभळीच्या खुंटीनं खणायची. कुणी बोलवलं आणि आपण ओ दिली, की माती परत लोटायची, तो दिवस गेला. अशी विचारून, मान देऊन काढली तर धक्का कसा म्हणायचा? झुंबरबाईला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा.

सांजेला तिनं येलीच्या बुडाशी तांदूळ ठेवले. "सकाय येसू तुले लेवाले. रागे भरू नको, माय. पोऱ्यासाठे येसू."

सकाळी तिनं पारोशीच खुंटी घेतली आणि बसली. पावसानं माती मऊ झालेली. देठ सोडवला, बोटांनी माती बाजूला केली, कंदाची पांढरट पाठ दिसली. तेवढ्यात शेजारची ताईबाई शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडं निघाली.

"काय व झुंबर, इतली सकायमा काय खंदी ऱ्हायनी? बटाटा लायेल शेतस का?"

झुंबरबाई गप्प. मान खाली.

"मी काय म्हनी ऱ्हायनू? बोलस का नही?"

झुंबरबाईनं हातानं जा, जा केलं. ताईबाईनं पाटी खाली ठेवली. ताईबाईच्या दिराला मागल्या वर्षी असाच झटका आला होता. तोंड वाकडं, वाचा बंद, हात असेच हालवायचा. ती कुपाटीवरून वाकली आणि जी ओरडली, "व माय व! हिनी वाचा गयी! ओ आबा, धावा! झुंबरले लकवा उना!"

दोन घरांची दारं उघडली. बाया आल्या, म्हातारा आबा टॉवेल गुंडाळून आला. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे चप्पल हुंगवा. ताईबाई सागरगोट्यात लुगडं फाडून आत घुसली आणि झुंबरबाईचे खांदे धरून हलवायला लागली.

"गप ऱ्हाय व रांडे!" झुंबरबाई ओरडली.

"बोलनी!" ताईबाई म्हणाली. "बोलनी व माय! देव पावना!"

हलवाहलवीत खुंटीवर जोर आला होता. मातीत काड्कन आवाज झाला. झुंबरबाईच्या हातात कंदाचा एक फाटा आला. दुसरा आतच राहिला.

बाया हसत हसत घरी गेल्या. ताईबाई चहा मागून पिऊन गेली, फाटल्या लुगड्याबद्दल चार शिव्या देऊन. झुंबरबाई मागं एकटीच राहिली. आता काय करायचं? ओ दिली म्हणजे माती लोटायची. पण जिजीनं तुटलेल्याचं काही सांगितलं नव्हतं. जिजीच्या हातून कंद कधी तुटलाच नव्हता. झुंबरबाईनं खड्ड्यात माती लोटली, वर तांदळाचे राहिलेले दाणेही सारखे केले, आणि हातातला तुकडा चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवला.

दुपारी ज्ञानेश्वरचा फोन आला. "माय, हेमाले दवाखानामा लई उनूत. आठवाच शे आजून. तू ये."

झुंबरबाईनं लुगडं बदललं. चिंधी घरात ठेवायची हिंमत होईना, बरोबर न्यायची तर त्याहून होईना. शिवेवरच्या नाल्यात टाकली. एस्टीत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आता येल अर्धी घरामागं आणि अर्धी शिवेवर. ती खिडकीच्या दांडीला धरून बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, आक्का, बरं वाटत नाही का? तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्या बाईलाही कळलं नाही.

दवाखान्यात पोचली तोवर पोट कापून बाळ काढलं होतं. हेमलता गुंगीत. बाळ काचेच्या पेटीत, आतल्या खोलीत. बाहेर बाकावर ललिताबाई बसली होती, डोळे सुजलेले. विहिणीला बघून तिनं जागा दिली. पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "विहीणबाई, खरं सांगा. वेल काढली की नाही?"

ज्ञानेश्वर भिंतीला टेकून उभा होता, तोही बघायला लागला.

नाही म्हटलं, तर ह्यांच्या हिशोबानं बाळाला तिनंच पेटीत घातलं. हो म्हटलं, तर जिजीच्या हिशोबानं तिनंच. झुंबरबाईला खोटं कोणतं सांगावं तेही सुचेना.

"अर्धी," ती म्हणाली.

"अर्धी म्हणजे?"

तिनं सगळं सांगितलं. आवतण, खुंटी, ताईबाई, काड्कन आवाज. ललिताबाईनं कपाळाला हात लावला. "म्हणजे काढली नाही आणि ठेवलीही नाही. नुसती छेडली!"

"माय," ज्ञानेश्वर म्हणाला, "काढानीच व्हती तं बठ्ठी काढती. नही तं हात नको लावती."

"मंग आते काय करू? सांग. रातनी गाडीनी गावले जास, राह्यनी ती काढस. का नही काढू? तुम्ही जे सांगशात ते करस."

ललिताबाईनं ज्ञानेश्वरकडं बघितलं, ज्ञानेश्वरनं खाली फरशीकडं.

आतलं दार उघडलं. नर्स म्हणाली, "बाळाची आजी कोण? एकीनंच या. हात धुऊन."

झुंबरबाई उठली. पण ललिताबाईनं आधीच चपला काढल्या होत्या, हातांना साबण लावायलाही ती वळली होती. ती आत गेली आणि दार लागलं. झुंबरबाई उभीच होती, मग बसली.

"ज्ञाना," तिनं विचारलं, "पोऱ्या शे का पोरगी?"

"तुले सांगं नही का कोनी?" तो म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुकानाच्या मालकाचा होता. तो बोलत बोलत जिना उतरून खाली गेला, आणि झुंबरबाई बंद दाराकडं बघत तो वर यायची वाट पाहत बसली.