बादलीभर पाणी, भिंतभर काळं

दादा, नायगावच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली तेव्हा तू आईची वाकळ टपावर टाकू दिली नाहीस. खिडकीतून आत दिलीस आणि म्हणालास, "तिकडंबी पानी न्हाई म्हणं. कशाला निघालाव?" मृग कोरडा गेला होता. मला क्लासमध्ये शिकवायची नोकरी लागली होती. आई माझ्यासोबत आली, कारण पोरीनं परक्या गावात एकटं राहणं तिला पटत नव्हतं.

भाड्याच्या खोलीत घरमालकांचा जुना एसी होता. मला केवढा आनंद झाला होता! त्या पावसाळ्यात आभाळ रोज दाटायचं, घामानं जीव जायचा, पण थेंब पडायचा नाही. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नसे. एसी मात्र रात्रभर आतल्या बाजूनं गळायचा. आईनं खाली बादली ठेवली. सकाळपर्यंत ती अर्ध्याहून जास्त भरायची. त्यात फरशी, संडास सगळं भागायचं. मालकीणबाई हसून म्हणायच्या, "तुमच्या आईंनी घरातच बोअर पाडलाय की!"

मी मेकॅनिकला बोलावलं. पाईप तुंबलाय, अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो म्हणाला. आई त्याच्या शिडीपुढं आडवी झाली. "राहू दे बाबा. पानी देऊन राहिलंय, तर त्याचं तोंड कशाला बंद करायचं?" आमच्याकडे पाण्याला कुणी नाव ठेवत नाही. मीही मेकॅनिकला परत पाठवलं.

काही आठवड्यांनी खोलीला भिजल्या कडब्यासारखा वास यायला लागला. मला मळमळायचं. आई मात्र दीर्घ श्वास घ्यायची. "आपल्या गोठ्यावानी वास येऊन राहिला," म्हणायची. घर सोडून आल्यापासून ती पहिल्यांदाच खूश दिसत होती, म्हणून मी खिडकीसुद्धा उघडली नाही.

मग आईला खोकला लागला. आधी तिनं ते शेजारच्या डाळमिलच्या धुळीवर ढकललं, मग माझ्या फोडणीवर. पुढे तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठं ओल आहे का?" आई खोकता खोकता हसली. "लातुरात ओल? डॉक्टरसाहेब, चेष्टा करता काय गरिबाची?" तेही हसले. मला मात्र एसीखालची बादली आठवली.

घरी येऊन मी एसीच्या भिंतीला लागून असलेलं कपाट आणि आईची खाट पुढे ओढली. बादलीत पडत होतं ते थोडंच होतं, बाकीचं पाणी भिंतीतून उतरत होतं. एसीपासून फरशीपर्यंत भिंत काळी पडली होती, वर मऊ लव आली होती. आईची उशी जिथं टेकायची तिथं ती सगळ्यात दाट होती. तू खिडकीतून दिलेली ती वाकळ भिंतीला चिकटून बसली होती. आई बघत राहिली. "पान्यानंबी असं करावं?" एवढंच म्हणाली. तिला इतकं फसल्यासारखं मी कधीच पाहिलं नव्हतं.

एसी दुरुस्त झाला, गिलावा पाडला, चुना मारला. बुरशी गेली. आईच्या छातीतली शिट्टी गेली नाही. मी खोली बदलली, तरी बंद दारामागं तिचा जीव घाबरा व्हायचा. शेवटी तूच येऊन तिला घेऊन गेलास.

परवा तू विचारलंस, आता लातुरात स्वतःचं घर झालंय, नळालाही पाणी आहे, मग आईला का नेत नाहीस? दादा, मी दर महिन्याला बोलावते रे. ती म्हणते, "मन लई हाय बाई, पन छाती येऊ देत न्हाई."

इकडे घर कोरडं ठणठणीत आहे, उन्हाचं आहे. पाहुणे कौतुक करतात. मला अजून ते परकंच वाटतं. संध्याकाळी आईचा फोन येतो. बोलता बोलता तिला ढास लागते आणि ती म्हणते, "ठेव आता." मी ठेवत नाही. तिचा श्वास जागेवर येईपर्यंत कान लावून बसते. तेवढा वेळ मी घरी असते.