झाकलेला लाल पत्रा

मोताळ्यात रंगीत पत्र्यांचं एक दुकान आहे. तिथला माणूस गिऱ्हाईक ज्या रंगाला बोट लावेल त्याचंच कौतुक करतो. निळा असला तर थंडा, लाल असला तर राजेशाही. बोलताना पत्र्यावर टिचक्या मारतो, जणू टरबूज विकतो आहे.

माझ्या मुलाला गडद लाल, कौलासारखा पत्रा हवा होता. घर लांबून बंगला वाटलं पाहिजे म्हणे.

"लय शोभते, मावशी," तो माणूस म्हणाला.

मुलगा दिवसभर नोकरीवर असतो. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली मीच राहणार. बाहेर येऊन पाहिलं, तर त्याच्याच दुकानाच्या लाल पत्र्यावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा जाड थर.

"काऊन रे बाबू, एवढा शोभते तं झाकून काऊन ठेवला?"

तो लाजलासुद्धा नाही. "शोभते तं शोभतेच, मावशी. पण मले खाली बसा लागते ना."

मी मुलाला म्हटलं, "घे लाल. उन्हाळाभर घरी तू बस, ड्युटीवर मी जाईन."

मुलानं पांढरे पत्रे घेतले. ते गाडीत चढल्यावर तो माणूस जवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, वावरातल्या पऱ्हाट्या जाळू नका. पांढराबी तापतेच."