बर्फवाल्या मॅडम आणि माझा खालचा दात

मेहकरच्या बर्फवाल्या मॅडमचा माणसांवर विश्वास नव्हता. निदान त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसावर तर मुळीच नव्हता. हिरडीत सुई दिल्यावर त्या विचारायच्या, "झालं का बधीर?" समोरचा म्हणायचा, "हाव." मग मॅडम फ्रिजकडे जायच्या. सुयांच्या प्लास्टिकच्या टोपणांत पाणी भरून त्यांनी बर्फाच्या बारीक कांड्या करून ठेवलेल्या असत. त्यातली एक कांडी दुखऱ्या दाताला टेकवली, की 'हाव' म्हणणारा गडी खुर्चीतून हातभर वर उडायचा. "बधीर झालं होतं ना? मंग उडाले काऊन?" मॅडम विचारायच्या आणि पुन्हा सुई भरायला घ्यायच्या.

त्यांचं खरं नाव पाटीवर चांगलं मोठ्या अक्षरांत होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. बियाण्याच्या दुकानावर जिना चढून गेलं की बर्फवाल्या मॅडम, एवढा पत्ता गावाला पुरे होता.

आता लोक खोटं का बोलत, तर आमच्याकडच्या बाप्यांना दुखतंय म्हणायची भारी लाज. बाहेर बाकावर ओळखीचं कोणी बसलेलं असलं तर विचारूच नका. शिवाय गावाकडची बस निघून जाईल ही धास्ती. त्यामुळे सुई बाहेर यायच्या आत "झालं, झालं, करा चालू" असा घोष सुरू व्हायचा. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तोंड खोटं बोलते, दात नाही बोलत. मी दातालेच इचारतो." बोलण्यात त्या स्वतःला 'मी जातो, मी करतो' म्हणत, ते त्यांच्या माहेरचं, देऊळघाटचं. तिथं त्यांच्या घरी भाजीपाल्याची शेती होती. शिकून डॉक्टर झाल्या तरी त्यांचं निम्मं डोकं वाफ्यातच राहिलं होतं.

खालचा दात लवकर बधीर का होत नाही, हे त्यांनी अख्ख्या तालुक्याला समजावून सांगितलं असेल. "वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत वावर हाय. दाताजवळ औषध सोडलं का मुरते. खालचं हाड म्हंजे निब्बर मुरूम. तिथं वरून ओतून काय फायदा? मांगं जाऊन पाटाच्या तोंडाशीच पानी अडवा लागते. आन् अडवलं तरी एखाद्या चोरवाटेनं पानी येतेच." ती चोरवाट सापडेपर्यंत त्या दाताला हत्यार लावत नसत. सुई देतानाही घाई नाही. औषध थेंबाथेंबानं सोडत जायच्या आणि तेवढ्यात "सून नीट वागते ना?" असा प्रश्न टाकायच्या. पेशंटचं तोंड उघडं, जिभेवर कापूस. तो बिचारा डोळ्यांनीच सुनेची तक्रार करायचा.

सुई दिली की पेशंटला बाहेर बाकावर बसवायचं, ही त्यांची पद्धत. औषध मुरू द्यायचं. त्या बाकावर ओठ लोंबलेली माणसं ओळीनं बसून बोबड्या बोलात सोयाबीनच्या भावावर भांडत असायची. एकदा डोणगावचा एक शेतकरी असाच बसला होता. दोन रात्री ठणकणारी दाढ सुईनं गप्प झाली. त्याला वाटलं, इलाज झाला. तो उठला, खाली उतरला आणि सरळ बस धरून घरी गेला. तिथं दोन-चार जणांना "काय हात हाय बाईचा, दाढ न उपटता बरी केली" असंही सांगून झालं. दिवस मावळायच्या आत गाल धरून परत आला. त्या दिवसापासून मॅडम बाकावर बसणाऱ्याची एक चप्पल आत ठेवून घेऊ लागल्या. चांगले चांगले पुढारी एका पायात चप्पल घालून तिथं बसलेले मी पाहिले आहेत.

मी बँडवाला. क्लॅरिनेट वाजवतो, म्हणून गाव मला मास्तर म्हणतं. एका वरातीत नवरदेवाचा घोडा फटाक्याला बिचकला, त्याचा धक्का मला आणि माझ्या वाद्याचा धक्का खालच्या समोरच्या दाताला. काही दिवसांनी दात ठणकायला लागला, गार पाणी सोसेना. एका डॉक्टरनं सांगितलं, काढून टाका. पण क्लॅरिनेट खालच्या ओठावर टेकतं आणि ओठ त्याच दातांवर टेकतो. दात गेला की सूर गेला. लग्नसराई तोंडावर, बँडमधल्या पोरांची घरं माझ्या फुंकरीवर चालतात. मला रडू यायचं बाकी होतं.

मॅडमनी दात पाहिला. "काढाचा नाही, वाचवाचा. आतली नस साफ करू." त्यांनी उजव्या जबड्यात मागं सुई दिली, चप्पल ठेवून घेतली. ओठ जड झाला, हनुवटी कोणा दुसऱ्याचीच वाटू लागली. आत बोलावल्यावर मी म्हणालो, "झालं, करा चालू." बाहेर आमचा ढोलवाला बसला होता, त्याच्यादेखत दुसरं काय म्हणणार? बर्फ टेकला आणि मी असा ओरडलो, की बाहेर ढोलवाल्यानं म्हणे हात जोडले. मॅडमनी आणखी औषध दिलं, थांबल्या, बर्फ लावला. तेच. माझं अवसान गळालं. "जाऊ द्या मॅडम, काढून टाका," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. त्यांनी माझा दात पुन्हा एकदा निरखून पाहिला. मग म्हणाल्या, "चुकलं मायं, मास्तर. हा मधातला दात. याले दोन्हीकून पानी येते, आन् मी एकाच बाजूचा पाट बांधून राह्यली." त्यांनी डावीकडे, समोरच्या हिरडीत अगदी थोडं औषध सोडलं. पुन्हा बाक, पुन्हा एक चप्पल. नंतर बर्फाची कांडी दातावर पाणी होऊन ओघळली, तरी मला काही कळलं नाही. मॅडमनी नस साफ करायला घेतली आणि माझा तिथंच डोळा लागला. घोरत होतो, असं त्या गावभर सांगत फिरल्या.

दात राहिला. त्यानंतरची प्रत्येक लग्नसराई मी त्याच दातावर वाजवली. वरात त्यांच्या दवाखान्याखालून गेली की मी मुद्दाम वर पाहून जोरात फुंकायचो आणि मॅडम खिडकीतून कानांवर हात ठेवायच्या. मला त्या बाईचा लळा लागला होता, हे सरळच सांगतो.

गेल्या वर्षी त्यांचे हात कापायला लागले. "कापत्या हाताची सुई कोनाले देऊ नये," म्हणाल्या आणि दवाखाना बंद करून नागपूरला लेकीकडे निघाल्या. आम्ही न विचारताच अख्खा बँड घेऊन खाली उभे राहिलो. मॅडम गाडीत बसल्या. ढोल सुरू झाला, मी क्लॅरिनेट ओठाला लावलं. दात शाबूत, ओठ जागेवर, आणि सूर मात्र काही केल्या निघेना. ओठ नुसता थरथरत होता. ढोलवाला माझ्याकडे पाहायला लागला, मग सगळेच पाहायला लागले.

मॅडमनी काच खाली केली. "काऊन मास्तर, आज कोनं सुई देल्ली तुमाले?"

सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यातच कसाबसा एक फाटका सूर निघाला. मॅडमनी कानांवर हात ठेवले नाहीत. गाडी वळेपर्यंत त्या तो सूर ऐकत राहिल्या.